सव्वीस किलोमीटरचा संसार

आमचं लग्न जमलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना एकाच गोष्टीचा आनंद होता. मुलगाही सरकारी नोकरीत, मुलगीही सरकारी नोकरीत. माझ्या आईने तर ही बातमी गल्लीतल्या चार घरी स्वतः जाऊन सांगितली. कोणतं सरकार, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर मुलांना नागरिकशास्त्र शिकवते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जिल्हा परिषद म्हणजे शेवटी राज्याचंच लेकरू. नवरा रेल्वेत, सिग्नलच्या कामावर. म्हणजे घरात एक माणूस राज्याचं आणि एक केंद्राचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी याचा अर्थ कळायला लागला. मला मे महिन्याची सुट्टी, तर त्याला मे महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. पोळ्याला माझी शाळा बंद, त्याचे सिग्नल चालू. आमचा संप असला की मी घरी आणि तो कामावर. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार आणि तो साठाव्या. म्हणजे सरकारी हिशेबाने मी त्याच्या दोन वर्षं आधी म्हातारी होणार. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग तू आधी आराम कर, मी डबा घेऊन येतो." त्याचं असंच असतं. मी चिडते आणि तो हसतो. चिडणाऱ्या माणसाला हसणारं माणूस मिळालं की चिडणारा आणखी चिडतो, हे त्याला अजून कळलेलं नाही.

लग्न झालं तेव्हा त्याची नेमणूक आमल्याला होती. आमला मध्य प्रदेशात आहे. पण रेल्वेच्या नकाशात राज्याची हद्द नसते. वर्धा, नागपूर, आमला, बैतूल, सगळं एकाच विभागात. माझा नकाशा मात्र जिल्ह्याच्या सीमेवर संपतो. त्याच्या पलीकडे जायचं तर सेवाज्येष्ठता सोडून नव्याने रांगेत उभं राहावं लागतं, आणि राज्याच्या पलीकडे तर माझ्यासाठी काही नाहीच. त्याच्या सरकारने त्याला कुठेही पाठवावं आणि माझ्या सरकारने मला कुठेच जाऊ देऊ नये, असा तो मामला होता.

आम्ही दोघांनीही अर्ज केले. दोन्ही अर्जांची उत्तरं एकाच आठवड्यात आली. त्याच्या कार्यालयाचं उत्तर हिंदीत होतं. पत्नी राज्य शासनाच्या सेवेत असल्यामुळे तिने आपल्या विभागाकडे विनंती करावी, असा त्याचा मथितार्थ. माझ्या कार्यालयाचं उत्तर मराठीत होतं. पती केंद्र शासनाच्या सेवेत असल्यामुळे त्यांनी आपल्या विभागाकडे विनंती करावी. भाषा सोडली तर दोन्ही पत्रं जुळी भावंडं. ती मी एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. निदान कागद तरी एकत्र राहू देत, असं मनात आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

त्या वर्षी मी आठवीला केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची शिकवत होते. रेल्वे केंद्राकडे, शेती राज्याकडे, वगैरे. धडा शिकवून झाल्यावर उगाच उत्सुकतेने मी पूर्ण यादी शोधून वाचली, तर विवाह समवर्ती सूचीत. म्हणजे दोन्ही सरकारांचा विषय. पुस्तकात हे फार समजूतदार वाटतं. प्रत्यक्षात दोघांचा विषय म्हणजे कुणाचाच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते काही उगाच नाही.

मुलगी झाली. ती माझ्याजवळच राहिली, दुसरीकडे कुठे राहणार? जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तालुक्याच्या गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिथून मी स्कूटीने शाळेत जायची. मुलीला घरमालकीणबाई सांभाळायच्या. तो महिन्यातून एकदा यायचा, कधी तेही नाही. मग काही वर्षांनी वर्ध्याहून देवळीकडे नवीन रेल्वे लाइन झाली आणि तिथे माणसं हवीत असं निघालं. त्याने लगेच नाव दिलं. आदेश आला त्या दिवशी फोनवर त्याचा आवाज एवढा मोठा होता की मी फोन कानापासून लांब धरला. "देवळी! आपलाच जिल्हा आहे आता! अजून काय पायजे तुले?"

मलाही तसंच वाटलं होतं. पण आमच्या जिल्ह्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या बाजूला देवळी. सकाळी निघालं तर दोन बस बदलून, आर्वीत ताटकळून, वर्ध्यात पुन्हा ताटकळून, दुपारी पोचायचं. चार तास. शिवाय सिग्नलवाल्याला मुख्यालय सोडून राहता येत नाही. रात्री-अपरात्री बिघाड झाला की त्याला जावंच लागतं. म्हणून महिन्यातून एकदाच्या ऐवजी आता तो एक रविवार सोडून एका रविवारी यायला लागला. यालाच आम्ही प्रगती समजलो.

एका रविवारी तो आला. मी स्वयंपाकघरात होते. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने आतून ट्रे काढला, त्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा ग्लास ठेवला, पाणी भरलं आणि बाहेर नेऊन दिलं. घरात आम्ही स्टीलच्या गडव्याने पाणी पितो. त्याने ग्लास घेतला, प्यायला आणि खाली ठेवला. मग ती म्हणाली, "बाबा, जेवूनच जा बरं."

त्यात तिचा काही दोष नव्हता. कुणी आलं की मी हेच म्हणते, तेच तिने उचललं होतं. पण तो त्या दिवशी हसला नाही. जेवताना त्याने दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही. एरवी तो भांडं पुसून खातो. मी न विचारताच त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. मुलीचं बालपण संपायच्या आत आम्हाला एका छपराखाली यायचं होतं. एवढीच गोष्ट होती. पण त्या दिवसापासून मला रात्री झोप लागेना. दिवसाही खुर्चीवर बसले की पाय हलायचा. वर्गातल्या मुली एकमेकींना कोपरखळ्या मारून माझ्या पायाकडे दाखवायच्या.

त्या वर्षी बदल्यांचं ऑनलाइन पोर्टल सुरू झालं. आमच्याकडे विनंती बदलीत एक गट असतो, पती-पत्नी एकत्रीकरण. नवरा-बायकोच्या नोकरीच्या ठिकाणांमध्ये तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर जवळच्या शाळेसाठी प्राधान्य मिळतं. तीसच्या आत असेल तर शासनाच्या मते तुम्ही एकत्रच राहता. त्यासाठी दोन कागद लागतात. नवऱ्याच्या कार्यालयाचं पत्र आणि अंतराचा दाखला. अंतराचा दाखला रस्त्याच्या खात्याचा हवा. पायाने चालून मोजलेलं किंवा फोनच्या नकाशावर दिसणारं अंतर चालत नाही.

कोणतं कार्यालय ते सांगत नाही. मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. तिथे एक तरुण अभियंता होता, चेहऱ्याने सज्जन, वागण्याने त्याहून सज्जन. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिल टेकवली. माझ्या शाळेपासून एका फाट्यापर्यंत त्याने पेन्सिल फिरवली आणि तिथेच थांबला.

"मॅडम, इथपर्यंत आमचा रस्ता आहे. याच्या पुढं नॅशनल हायवे आहे. थो आमच्याकडं नाई."

"पण रस्ता तर तोच आहे ना? मधे कुठे तुटत नाही."

"रस्ता तोच आहे. कागद येगळा आहे."

मी म्हटलं, हा रस्ता तर आधी तुमचाच होता. मी याच रस्त्याने डी.एड.ला गेले. तो म्हणाला, हो, होता, आता केंद्राकडे गेला. म्हणजे रस्त्याचीही बदली झाली होती, आणि त्याला ना अर्ज करावा लागला ना अंतराचा दाखला द्यावा लागला.

अभियंत्याने आपल्या ताब्यातल्या रस्त्याची लांबी काढली, सव्वीस किलोमीटर. दाखला टाइप झाला, गोल शिक्का बसला. त्याला घाई होती, मला त्याच्याहून जास्त घाई होती. दुसऱ्या दिवशी पोर्टल बंद होणार होतं. मी कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि स्कूटीला किक मारली.

आता जी चूक सांगते ती सर्वस्वी माझी आहे. शेवटच्या दिवशी पंचायत समितीत सात-आठ शिक्षिका एकाच संगणकापुढे उभ्या होत्या. सर्व्हर गोगलगाईच्या वेगाने चालला होता. अर्जात अंतरासाठी एकच चौकट होती, दोन-तीन आकडे मावतील एवढी. तिथल्या जुन्या बाबूंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. "दाखल्यावर जे आहे थेच भरा. एक आकडा इकडचा तिकडं झाला त कारवाई आहे. मंग मले म्हनू नका." मी दाखला उघडला. त्यावर आकडा एकच होता. हात थांबला. मनात आलं, सव्वीस कसे? पण मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, लवकर करा ना, लाइट जाईल." मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की फळ्यावर आहे तसंच उतरवा, स्वतःचं डोकं लावू नका. मी आहे तसं उतरवलं. सव्वीस.

पडद्यावर लाल अक्षरं आली. अपात्र. अंतर तीस किलोमीटरपेक्षा कमी.

शासनाने जाहीर करून टाकलं की आम्ही एकत्र राहतो. ज्या नवऱ्याचा टॉवेल माझ्या घरी कायम कोरडा असतो, त्या नवऱ्यासोबत.

मी बाहेर येऊन त्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

"सव्वीस कुठून आनले तू? मी त चार घंटे बसमंधी बसतो!"

"दाखल्यावर आहेत."

"मंग बाकीचे कुठं गेले?"

"ते तुमच्या सरकारकडे आहेत!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली.

तो म्हणाला, "माह्या सरकारकडं कायले, माह्याकडं आहेत. मीच त मोजतो दर रविवारी." हे ऐकून मला रडू आलं आणि मी फोन कापला. राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. अभियंता खोटं बोलला नव्हता. बाबू खोटं बोलले नव्हते. मीही खोटं भरलं नव्हतं. तरी सगळ्यांनी मिळून एक धादांत खोटी गोष्ट तयार केली होती.

हरकत नोंदवायला पंधरा दिवस मिळतात. त्यांतले चार महामार्गाच्या कार्यालयाचा नंबर शोधण्यात गेले. फोनवरचा माणूस सभ्य होता. ते कुणा एकट्या माणसाला अंतराचा दाखला देत नाहीत, म्हणाला. वर सुचवलं, "मैडम, सड़क पर हर किलोमीटर पर पत्थर लगा है, देख लीजिए." तो थट्टा करत नव्हता, खरंच मदत करत होता. मी मात्र दोन दिवस धुमसत राहिले. वर्गात एका मुलीने पेन्सिल पाडली म्हणून तिला रागावले आणि नंतर मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन बसले.

नवऱ्याला ही पत्थरवाली गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "मंग गोटे मोजू. त्यात काय?" मला वाटलं, हा पुन्हा थट्टेवर आला. पण शनिवारी संध्याकाळी तो आला, घरमालकांची जुनी गाडी मागून घेतली, आणि रविवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या शाळेच्या फाटकापासून निघालो. मुलगी खिडकीशी बसली, मांडीवर वही. मी मागे बसून कडेचे दगड बघायची, तो गाडी चालवायचा.

राज्याच्या रस्त्यावर दगडाचं डोकं हिरवं असतं आणि राष्ट्रीय महामार्गावर पिवळं. हे मी मुलांना स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करून घेते, पण एकेक दगड बघत कधी गेले नव्हते. मुलीने वहीत मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, हिरवे. दुसऱ्या बाजूला, पिवळे. आणि खाली बारीक अक्षरात, हिरवे आईचे, पिवळे बाबांचे. मी तिला हे सांगितलेलं नव्हतं. गेले कित्येक दिवस घरात दुसरा विषयच नव्हता, त्यातून तिने जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

फाट्यापर्यंत हिरवे दगड बरोबर निघाले. पुढे गंमत सुरू झाली. एक दगड आडवा पडलेला. एकावर कुणीतरी चुना फासलेला. एक तर एका ढाब्याच्या पायरीला लावलेला. मुलगी ओरडली, "बाबा, थांबा! हा गोटा पायरीत बसला!" ढाबेवाला बाहेर आला. नवऱ्याने त्याला सगळा मामला सांगितला, आणि त्याने गंभीरपणे सांगितलं की हा दगड पलीकडच्या निंबाजवळचा आहे, तिथलाच धरा. तिने निंबाजवळचा धरला. आर्वीत तर्री-पोहे खाल्ले. मुलीला तिखट लागलं तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने तिच्या पोह्यांत दही घातलं. मी बघत होते. ती त्याला "बाबा, ते बघा, ते बघा" करत होती, आणि तिच्या बोलण्यात सकाळी होता तो पाहुण्यांसाठीचा नीटनेटकेपणा दुपारपर्यंत निघून गेला होता. वर्धा ओलांडलं तेव्हा ती त्याच्या खांद्यावर मागून हात ठेवून उभी होती आणि मी तिला खाली बस म्हणून दरडावत होते.

देवळी स्टेशनाच्या फाटकाशी तिने बेरीज केली. हिरवे सव्वीस. पिवळे चौऱ्याऐंशी, त्यात तीन हरवलेले. ती म्हणाली, "बाबांचे जास्त आहेत."

"मंग, मी मोठा आहे ना," तो म्हणाला. पण मी बघितलं, त्याने गाडी बंद केली होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. अख्खा दिवस एकत्र काढला होता आम्ही. लग्नानंतरचे असे दिवस मोजायला बसले तर एका हाताची बोटं पुरतात.

हरकत मुदतीत नोंदवली. सुनावणीला मी एकटी गेले. त्याला सुट्टी मिळाली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळपासून रांग. कुणाचं आजारपण, कुणाचं वय, कुणाचं एकत्रीकरण. माझा नंबर येईपर्यंत मी तो व्हरांडा निदान शंभर वेळा चालले असेन. शिपाई म्हणाला, "बसा ना मॅडम, फरशी झिजंल." मी बसले आणि पुन्हा उठले.

आत एक मोठ्या मॅडम होत्या. त्यांनी दाखला घेतला, चष्मा लावला आणि वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका आहात ना? दुसरी ओळ वाचली नाही?"

मी कागद परत घेतला. आकड्याखाली बारीक टाइपात एक ओळ होती. उर्वरित मार्ग राष्ट्रीय महामार्ग असल्याने या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. त्या सज्जन अभियंत्याने ती प्रामाणिकपणे लिहिली होती. मी गेले वीस-बावीस दिवस तो कागद पर्समध्ये घेऊन फिरत होते, त्यावरून नवऱ्याशी भांडले होते, रडले होते, जगाला शिव्या घातल्या होत्या. आकड्याच्या खाली एकदाही नजर गेली नव्हती. बावीस वर्षांची नोकरी असलेल्या बाईने प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिलं होतं.

"चौकटीत दुसऱ्या ओळीला जागा नव्हती," मी म्हटलं. स्वतःलाच ते लंगडं वाटलं.

मग मी वही पुढे केली. त्यांनी ती उलटून पाहिली. हिरवे आईचे, पिवळे बाबांचे. पायरीतल्या दगडाचीही नोंद होती, "निंबाजवळचा धरला" अशी. त्यांचा चेहरा काही क्षण सैलावला. मग त्या म्हणाल्या, "वही चालत नाही, मॅडम. शिक्का पाहिजे." मी वही परत घेतली. बोलले असते तर रडले असते. त्या पुन्हा म्हणाल्या, "तुमचे मिस्टर येतात कशाने?"

"एसटीने."

"मग एसटीला विचारा की. उद्या संध्याकाळपर्यंत आणा."

ताकाला जाऊन भांडं लपवत बसले होते मी इतके दिवस. सरळ जे सांगायचं ते, नवरा एसटीने चार तास प्रवास करून येतो, हे मी अर्जात कुठेही लिहिलं नव्हतं. तो रस्त्याचा विषय नव्हता म्हणून. तडक आगारात गेले. तिथल्या नियंत्रकाने जाडजूड रजिस्टर काढलं, टप्पे मोजले आणि दहा मिनिटांत कागद लिहून दिला. एकशे दहा किलोमीटर. मी न राहवून विचारलं, यातला बहुतेक रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, चालेल ना? त्याने शिक्का उचलला आणि म्हणाला, "रस्ता कोनाचा आहे थे आमच्या चाकाले मालूम नाई, मॅडम. चाक फक्त फिरते."

बदली झाली. देवळी तालुक्यातली शाळा मिळाली, रेल्वे क्वार्टरपासून नऊ किलोमीटर. खरे नऊ. क्वार्टर केंद्राचं आणि शाळा राज्याची, मधल्या रस्त्याने मी रोज दोन सरकारांच्या मधून स्कूटी काढते. सामान हलवलं त्या दिवशी मी दोन पेट्या उघडल्या आणि तिसरी तशीच कॉटखाली सरकवली. नवऱ्याने विचारलं, "हे काऊन ठेवली बंद?" मी म्हटलं, जागा नाही. जागा होती. पण त्याच्या सरकारचा एखादा कागद कधी कुठून येईल याचा नेम नाही, आणि मी आता ओळखून आहे. रात्री फोन वाजला की मी त्याच्या आधी उठते. बिघाड असतो, तो बॅटरी घेऊन जातो, आणि तो येईपर्यंत मी पडून घड्याळ ऐकत असते.

पहिल्या सोमवारची गोष्ट. तो कामावर निघाला. डबा घेतला, बूट घातले. मुलगी दारात उभी होती, नवीन शाळेचा गणवेश घालून. तिने विचारलं, "बाबा, परत केव्हा येसान?"

"संध्याकाळी," तो म्हणाला आणि पायरी उतरला.

"कोन्त्या दिवसाच्या?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच तारीख हवी होती. नऊ वर्षं या प्रश्नाला तिने तारीखच ऐकली होती. तो पायरीवर थांबला. ज्याला कोणती गाडी किती मिनिटांनी येते ते तोंडपाठ आहे, त्या माणसाला हे उत्तर द्यायला वेळ लागला.

"आजच्या," तो म्हणाला.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं, हे खरं का ते विचारायला. मी मान हलवून हो म्हटलं. मग ती शाळेत गेली, मी शाळेत गेले, आणि दिवसभर मी घड्याळाकडे बघत राहिले. सहाला त्याची सायकल फाटकाशी वाजली तेव्हा ती हातातलं पुस्तक टाकून धावली आणि दारातूनच ओरडली, "आई, बाबा आले! आजच आले!"